पाहणं हाही भोगच का?



आजचं वाचन : ईशावास्य उपनिषद, मंत्र पहिला.

काल शांतिमंत्र झाला, आजपासून मुख्य उपनिषद. अवघे अठरा मंत्र. रोज थोडे थोडे म्हणत गेलात तर महिन्याभरात पाठ होतील. पण पहिल्याच मंत्राशी माणूस अडतो. मी तर कित्येक वर्षं अडलोय. भावार्थ तुम्हाला ठाऊक आहे. या हलत्या जगात जे जे म्हणून काही आहे त्या सगळ्यात ईश्वराचा वास आहे, म्हणून त्यागपूर्वक भोग घे, आणि कोणाच्याही धनाचा लोभ धरू नको. लोभासाठी जो धातू इथे आलाय त्याच धातूवरून गृध्र, म्हणजे गिधाड, हा शब्द झाला. बाकी सगळं नष्ट होऊन हा एवढाच मंत्र उरला तरी हिंदू धर्म टिकेल, अशा अर्थाचं गांधीजी बोलले होते. विनोबांनी तर ईशावास्यावर स्वतंत्र वृत्ती लिहिली.

अडचण अशी की भोग म्हणजे काय हे आपण आधीच ठरवून ठेवलेलं असतं. खाणं-पिणं, कपडालत्ता, पैसाअडका. त्यात थोडी काटछाट केली की झाला त्याग. एकादशीला दोन वेळा साबुदाण्याची खिचडी खाऊन उपास करतो ना आपण, तसा. पण नुसतं पाहणं? डोळ्यांनी पाहिल्यानं कोणाचं काय जातं? झाडावरचं फूल तोडलं तर ते एकाचं होतं, पाहिलं तर शंभर जणांनी पाहावं, फूल तिथेच. म्हणजे पाहणं हा बिनत्यागाचा निर्मळ भोग झाला, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं.

आजचं चिंतन जरा लांबणार आहे, चहा घेऊनच बसा.

गेल्या फेब्रुवारीत मला साठ पूर्ण झाली. मुलाने साठीशांतीऐवजी अंदमानची तिकिटं काढली. (शांतही झाली, घरच्या घरी, भटजींच्या सवडीने.) मुलगा, सूनबाई, आम्ही दोघं, आणि पुण्याहून लेक, असा पाच जणांचा बेत होता. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही खुशाल जा, मी येणार नाही. प्रवाळ बघायला विमानानं जायचं मला पटत नाही." मुलाला राग आला. हिला वाईट वाटलं, साठी काय दोनदा येते का म्हणून. मी काही बोललो नाही, पण मनाला लागलंच. कारण घरात उपनिषद वाचणारा मी. लेक देवाला हात जोडते ती बऱ्याच वेळा माझं मन राखायला. आणि त्यागाचा मंत्र आचरणात आणला तो तिने! मी भोगाच्या बाजूला, खिडकीजवळच्या सीटवर.

चार जण गेलो. पोर्ट ब्लेअरला उतरलो. आता त्याचं नाव श्रीविजयपुरम झालंय, आमच्या तोंडी अजून पोर्ट ब्लेअरच. सेल्युलर जेलला जाऊन सावरकरांच्या कोठडीपुढे उभं राहिलो. त्यावर लिहायचं तर स्वतंत्र दिवस हवा, इथे नको. तिसऱ्या दिवशी बोटीने हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला. या बेटावरच्या गावांची नावं ऐकाल तर आपल्याला घरीच आल्यासारखं वाटेल : गोविंदनगर, राधानगर, कृष्णनगर, श्यामनगर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने इथे जमिनी देऊन वसवलं. घरदार, देवळं सगळं मागे टाकून आलेल्या माणसांनी जंगल तोडून वस्ती केली, आणि नावं ठेवली ती गोकुळातली.

तिथून एलिफंट बीच नावाच्या किनाऱ्यावर छोट्या बोटीने नेतात. प्रवाळ तिथे किनाऱ्यापासून अगदी जवळ, उथळ पाण्यात आहे. मला पोहता येतं ते विहिरीपुरतं. पण लाइफ जॅकेट घालतात, हातात एक रबरी रिंग देतात आणि एक मुलगा ती रिंग ओढत आपल्याला फिरवतो. तोंडावर काचेचा मुखवटा, त्यात नाकही बंद, आणि दातात नळी धरून तोंडाने श्वास. जन्मभर नाकाने प्राणायाम केलेल्या माणसाला हे महाकठीण. काचेवर वाफ धरू नये म्हणून तो मुलगा म्हणाला, "अंकल, थूक लगाओ, फिर धो लो।" आणि ती नळी माझ्याआधी किती जणांच्या दातांत गेली असेल! नुसती खळखळून धुतलेली. आमच्या आजीचं सोवळं मला त्या क्षणी आठवलं. तिने पाहिलं असतं तर मला महिनाभर स्वयंपाकघरात घेतलं नसतं.

मग मान खाली घातली.

काय सांगू? पहिली गोष्ट डोळ्यांना नाही, कानांना लागते. आपल्याला वाटतं पाण्याखाली शांतता असेल. तशी नसते. तापल्या तेलात मोहरी तडतडावी तसा सतत आवाज. बारीक कोळंबीच्या जातीचे जीव आपली नांगी फटकन मिटतात त्याचा तो आवाज, असं नंतर कळलं. आणि त्याच्यावर आपला स्वतःचा श्वास, नळीतून येणारा आणि जाणारा, इतका स्पष्ट की सोऽहं म्हणायची गरज नाही, ते चाललेलंच असतं. ध्यानाला बसून मला जे अर्ध्या तासात साधत नाही ते तिथे दोन मिनिटांत साधलं. फुशारकी नव्हे, पाण्याचा गुण.

मग दिसायला लागतं. फोटोत पाहिलेले भडक रंग मनात असतील तर ते बाजूला ठेवा. जिवंत प्रवाळ पुष्कळदा तपकिरी, मळकट हिरवा, शेवाळी असतो. कुठे बटाट्यासारखे गोळे, कुठे हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या, कुठे कोबीच्या पानांसारखे थर. रंगाची उधळण असते ती माशांची. पोपटमासा म्हणून एक आहे, निळा-हिरवा, तो दगडाला दात लावून खरवडतो, ते खरवडणं ऐकू येतं. तो दगडावरचं शेवाळ खातो, त्याबरोबर दगडाचा भुगा पोटात जातो, आणि मागून बाहेर पडते ती पांढरीशुभ्र वाळू. एक मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू करतो म्हणतात. म्हणजे ज्या पांढऱ्या वाळूत आपण चप्पल काढून ‘अहाहा’ करतो, तिच्यातली पुष्कळशी कोणाच्या पोटातून आलीय ते बघा. देवाच्या घरी वाया काही जात नाही.

आणि प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, झाडही नव्हे. बारीक बारीक जीवांची वसाहत. एकेक जीव पिशवीसारखा, वर तोंडाभोवती केसरांसारख्या भुजा. खाली तो चुन्याचं घर बांधतो, त्याच्या वंशातला पुढचा त्याच्यावर बांधतो. गोळ्यांसारखे जे प्रवाळ असतात ते वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटर वाढतात. माझ्यापुढे रिंगणाएवढा एक गोळा होता, तो बहुधा माझ्या आजोबांच्या वेळचा असणार. त्याच्या अंगात, अगदी मांसात, सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न करतं आणि त्यातला बराच वाटा घरमालकाला देतं. घरमालक त्याला आसरा देतो. दोघांत दुसरा कोण हे सांगता येऊ नये असा संसार. या साऱ्यात ईशाचा वास आहे, हे वाक्य मी हजारदा म्हटलं असेल. त्या दिवशी ते समोर पोहत होतं.

त्याच पाण्यात दुसरंही दिसलं. मधले मोठे पट्टे राखाडी, मोडलेल्या तुकड्यांचे. जत्रा उठल्यावर मैदान दिसतं तसे. माझ्या शेजारच्या रिंगमधल्या एका पाहुण्याला एक पांढरीफेक फांदी दिसली, तो बाहेर मान काढून ओरडला, "केवढी सुंदर!" रिंग ओढणारा मुलगा म्हणाला, "वो बीमार है सर।" पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा एखाद अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आपल्या अंगातलं शैवाल बाहेर टाकतो. रंग त्या शैवालाचा असतो, तो गेला की खालचा चुन्याचा सांगाडा दिसतो. तेव्हा तो मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येतं, नाही निवलं तर मरतो. एका अंशाने काय होतं असं म्हणू नका, आपल्याला एका अंशाचा ताप चढला तर आपण ऑफिसला दांडी मारतो. अंदमानात १९९८ साली असं झालं, २०१० साली झालं. २०२४ च्या एप्रिलमध्ये तर शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की जगभरच्या समुद्रांत एकाच वेळी असं घडण्याची ही चौथी खेप.

संध्याकाळी लेकीला फोन केला. सगळं सांगितलं, पोपटमासा, मोहरीचा आवाज. ती आनंदाने ऐकत होती, मध्ये मध्ये विचारत होती. मग मी म्हटलं, "अगं, आम्ही कशालाही हात लावला नाही. पाय टेकला नाही. अंगाला क्रीमसुद्धा लावलं नव्हतं." ती थोडी थांबली. म्हणाली, "तुम्ही लावणार नाहीच, बाबा. पण समुद्राला हात न लावताही पाणी तापवता येतं ना."

बास. एवढंच. भांडण नाही, टोमणा नाही. मला रात्रभर झोप नाही.

आता मंत्राकडे या. त्यातला जो ‘त्यक्त’ शब्द आहे त्याचे दोन अर्थ लावतात. एक, त्यागाने, म्हणजे सोडून देऊन भोग घे. दुसरा, त्याने सोडलेलं, म्हणजे ईश्वराने तुझ्यासाठी ठेवलेलं तेवढंच घे. दुसरा अर्थ आपल्याला जास्त कळतो, कारण तो प्रसादाचा अर्थ आहे. नैवेद्य देवापुढे ठेवतो, त्याने डोळ्यांनी घेतला, उरलं ते आपण खातो. पण पंगतीत शेवटच्या माणसापर्यंत पुरेल इतकाच प्रसाद प्रत्येकाने घ्यायचा असतो, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. द्रोण भरून घेणाऱ्याकडे लोक कसे बघतात?

आणि भोगण्याचं जे क्रियापद आहे तेही साधं नाही. ‘भुज्’ या धातूचे दोन अर्थ : भोगणं आणि पाळणं, राखणं. म्हणून राजाला भूभुज्, महीभुज् म्हणतात. तो पृथ्वी भोगतो म्हणून आणि पाळतो म्हणूनही. पाणिनीचा नियम आहे की धातू आत्मनेपदी आला तर अर्थ राखण्याचा नाही, भोगण्याचा घ्यावा. मंत्रात तो आत्मनेपदीच आहे. तरीही शंकराचार्य आपल्या भाष्यात त्याचा अर्थ ‘पालन कर’ असा देतात. व्याकरण आचार्यांना ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? त्यांना आत्म्याचं रक्षण अभिप्रेत आहे, समुद्राचं नाही, हे मी आधीच सांगतो, नाहीतर पंडित मंडळी मला धरतील. पण माझ्यासारख्या प्रापंचिकाच्या मनात एक बारीकशी फट त्यातून पडते. भोगणं आणि राखणं एकाच शब्दात बसत होतं. आपण त्यातलं एक ठेवलं.

तर पाहणं हा भोग आहे का? माझं आजचं उत्तर : आहे. आणि याचा पुरावा मला पंढरपुरात सापडतो, विज्ञानाच्या पुस्तकात नाही.

पांडुरंगाच्या पायावर डोकं ठेवता येतं, हे आपलं केवढं भाग्य. पण शतकानुशतकं लेकरांच्या कपाळांनी ते पाय झिजले. मूर्तीला वज्रलेप करावा लागला. कोणी घाव घातला नव्हता हो, प्रेमानेच झिजले. २०२४ साली मंदिराच्या जतनाचं काम निघालं तेव्हा काही आठवडे पदस्पर्श दर्शन बंद होतं, लांबून मुखदर्शन तेवढं. किती जणांचे डोळे भरून आले असतील! पण देव राहावा म्हणून पाय सोडावे लागले. हे झालं स्पर्शाचं. आता नुसत्या पाहण्याचं ऐका. आषाढीच्या आधी देवाचा पलंग काढतात. मग देव झोपत नाही, रात्रंदिवस उभा, कारण लेकरं बघायला आलीत. आणि वारी सरली की प्रक्षाळपूजा. गरम पाण्याने स्नान, काढ्याचा नैवेद्य, देवाचा शिणवटा जावा म्हणून. मी लहानपणापासून हे ऐकत आलोय, पण त्याचा अर्थ त्या रात्री हॅवलॉकच्या खोलीत उलगडला. आपल्या परंपरेला माहीत आहे की पाहिलं जाणाऱ्याला शीण होतो. प्रत्यक्ष परब्रह्मालाही होतो. दर्शन फुकट नसतं, त्याची किंमत कोणीतरी उभं राहून देत असतं.

अंदमानातही ही प्रक्षाळपूजा काही ठिकाणी चालते, नाव वेगळं. पोर्ट ब्लेअरजवळ वांडूरहून जॉली बॉय नावाच्या बेटावर बोटी जातात. १९८३ साली झालेल्या सागरी राष्ट्रीय उद्यानातलं हे बेट. ते वर्षाचे काही महिने बंद ठेवतात, त्या काळात रेड स्किन हे दुसरं बेट उघडतं. आळीपाळीने विश्रांती. प्लास्टिक नेऊ देत नाहीत, पिशव्या तपासतात, मुक्काम नाही, खाण्याच्या टपऱ्या नाहीत. थायलंडमध्ये माया बे हा सिनेमामुळे प्रसिद्ध झालेला किनारा तर २०१८ च्या जूनमध्ये सरळ बंद केला आणि २०२२ च्या जानेवारीत उघडला. लोकांनी आरडाओरडा केला, पण किनारा झोपला तीन-साडेतीन वर्षं.

पण (आणि इथे लेकीचं बोट दुखऱ्या जागी पडतं) काढा देऊन शीण जातो, ताप देणाराच उशाशी बसला असेल तर काय करायचं? हात न लावणं, पाय न टेकणं, क्रीम न लावणं हा त्याग नव्हे. ती नुसती रीतभात झाली, देवळात चप्पल बाहेर काढण्यासारखी. त्यात मी माझं काहीच सोडलेलं नसतं. पाणी तापतं ते इथे, आपल्या घरी : माझ्या गाडीत, गिझरमध्ये, लग्नातल्या जनरेटरमध्ये, वर्षातून चार वेळा घेतलेल्या विमानात. समुद्र तिथून दिसत नाही. आणि मंत्रातलं धन दुसऱ्या कोणाचं तरी आहे ते इथूनच उचललं जातं, मागून हात घालून, मालकाला न दिसता. तेव्हा त्यागाची जागा पाण्यात नाहीच. ती घरात आहे, जिथे सोडणाऱ्याला कोणी बघत नाही आणि फोटोही निघत नाही.

इथपर्यंत मी लेकीच्या बाजूने आहे. पुढे नाही. मी जायलाच नको होतं, असं मला आजही वाटत नाही. रिंग ओढणाऱ्या त्या मुलाशी दुपारी बोलणं झालं. शहाळं पीत बसलो होतो. विशीतला पोरगा, आजोबा निर्वासित म्हणून आले, वडिलांची थोडी शेती, सुपारी. विचारलं, पावसाळ्यात पर्यटक नसतात तेव्हा काय करतोस? म्हणाला, "सीज़न में मछली दिखाता हूँ, ऑफ़ सीज़न में मछली पकड़ता हूँ।" आणि हसला. त्यात त्याला विसंगती काही वाटली नाही, मलाही वाटली नाही, पोट आहे. पण एवढं कळलं की आम्ही सगळे त्यागी होऊन घरी बसलो तर बारा महिने तो मासेच पकडणार. त्याने कोणता गोळा कुठल्या साली पांढरा पडला, कुठला परत रंगला, हे बोट दाखवून सांगितलं होतं. असा राखणारा आमच्या पाहण्यावर जगतो. भोगणं आणि राखणं एका शब्दात बसतं ते असं, ओढाताण होत, पण बसतं.

आणखी एक. परत निघताना धक्क्यावर आमच्याच बोटीतल्या एक मावशी, सोलापूरकडच्या, पिशवीतून हळूच प्रवाळाचा एक पांढरा तुकडा काढून मला दाखवायला लागल्या. देवघरात ठेवायचा म्हणे, गणपतीजवळ. हावरेपणा नव्हता हो. देवघरात शंख असतो, तो समुद्रातल्या गोगलगायीचंच घर. शाळीग्राम असतो, तोही कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सागरी जिवाचा दगड झालेला. मंगळासाठी पोवळं घालतो, तेही प्रवाळच, भूमध्य समुद्रातलं तांबडं. भारतीयांना त्याचं भारी वेड, असं दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या प्लिनीने लिहून ठेवलंय. तेव्हा मावशींचं काय चुकलं? बोटवाला म्हणाला, "माँजी, मना है, एअरपोर्टपे पकड़ेंगे।" खरंच आहे, २००१ पासून आपल्याकडे प्रवाळाला वाघासारखंच वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, मेलेला तुकडाही नेता येत नाही. मावशींनी तो परत पाण्याच्या कडेला नेऊन ठेवला. ठेवला, टाकला नाही. आणि हात जोडले. कायद्याच्या भीतीने सोडलेला तो त्याग राजस, गीतेच्या अठराव्या अध्यायाच्या हिशोबाने खालच्या दर्जाचा. पण ते हात जोडणं मी विसरू शकत नाही. मेलेला तुकडा तरी तिथे का राहावा? कारण त्याच्यावर नवा जीव घर बांधतो. मावशींना हे कोणी सांगितलं नव्हतं.

मग मी लेकीला दुसऱ्या दिवशी परत फोन केला नि म्हटलं, "तुझं निम्मं पटलं." ती म्हणाली, "कुठलं निम्मं?" म्हटलं, "घरचं." ती म्हणाली, "मग घरचं करू. पण बाबा, ते निम्मं नाहीये, बरंचसं तेच आहे." आता यावर काय बोलणार?

तिच्या त्यागात अहंकार आहे का, हेही मी तपासून पाहिलं, बापाला तेवढा हक्क आहे. ‘मी विमानाने जात नाही’ याची पाटी गळ्यात अडकवणारे असतात, तेही एक प्रकारचं सोवळंच, आजीच्या सोवळ्याहून कडक. ती तशी नाही. तिने कोणाला अडवलं नाही, फोटो मागवून घेतले, आणि पोपटमाशाचं ऐकून टाळी वाजवली. न पाहिलेल्यावर जीव लावता येतो का, असा प्रश्न मी तिला विचारणार होतो. पण कळसाचं दर्शन घेऊन चंद्रभागेवरून माघारी फिरणारे वारकरी मी पाहिलेत, गर्दीमुळे, वयामुळे. त्यांच्यापुढे असा प्रश्न विचारायची माझी प्राज्ञा नाही, म्हणून तिलाही विचारला नाही.

घरी आल्यावर काही गोष्टी बदलल्या, त्यांची यादी इथे देत नाही. एवढंच, तीर्थयात्रेचे यंदाचे दोन बेत रेल्वेने आखलेत, आणि वाराणसीला जाताना हिचे गुडघे दुखतील ते सोसायचं तिने हसत कबूल केलंय. निदान आत्ता तरी.

खरा पेच पुढेच आहे. पुढच्या वर्षी हिची साठी. मुलाने आत्ताच मालदीवचं काढलंय, म्हणतो, आईला तिथे पाण्यावरच्या खोलीत ठेवू. हिला जायचंय. अंदमानात ही पाण्यात उतरलीच नाही, काठावर सगळ्यांच्या चपला आणि चष्मे सांभाळत बसली होती, आणि बोटीच्या काचेच्या तळातून जेवढं दिसलं तेवढं पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चपला सांभाळलेल्या बाईला मी आता त्यागाचा मंत्र सांगू? लेकीलाच विचारलं, तू सांग आईला. ती म्हणाली, "आईला मी नाही म्हणू शकत नाही, बाबा." आणि गप्प झाली. मुलाने तिकिटांसाठी दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी असं काही झालं असेल, तुम्ही काय केलंत ते जरूर कळवा.

उद्या मंत्र दुसरा : कर्म करीत शंभर वर्षं जगण्याची इच्छा धरावी, तो. वाचून या.

राम कृष्ण हरी.